घाबरलेल्या माणसाची सही

गुरुजी बँकेत गेले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात मोबाइल होता आणि त्यावर फोन चालूच होता. पलीकडचा माणूस शाखेतला प्रत्येक शब्द ऐकत होता. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘काका, तिन्ही एफडी मोडताय? व्याज बुडेल तुमचं.’ गुरुजी म्हणाले, ‘मुलीला फ्लॅट घ्यायचाय.’ हे वाक्य आदल्या रात्री त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. मुलीने अर्ज पुढे सरकवला, सह्या जुळल्या, मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात पाठवायचा, म्हणजे आरटीजीएसचा, फॉर्म भरून झाला. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये 35 वर्षं शिकवून जमवलेल्या पैशांतले 27 लाख रुपये अर्ध्या तासात कुठल्याशा अनोळखी कंपनीच्या खात्यात गेले.

गुरुजी आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मी 31 वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी ठेवींच्या काउंटरवर. म्हणून हे झाल्यावर ते माझ्याकडे आले. पण आले ते 11 दिवसांनी. तोपर्यंत त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं, मुलीला सांगितलं नव्हतं, पोलिसांत जायचं तर नावच नको.

हे सगळं चाललं त्या तीन दिवसांत काय झालं ते त्यांनी मला तुकड्यातुकड्याने सांगितलं. आधी एक फोन आला, तुमच्या आधार कार्डावर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरलाय म्हणून. मग व्हिडिओ कॉल. समोर खाकी वर्दी, मागे भिंतीवर अशोकस्तंभ, टेबलावर फायली. मोबाइलवर न्यायालयाचा म्हणून एक कागद आला, त्यावर शिक्का, सही, जावक क्रमांक, सगळं जागच्या जागी. ‘तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही. तुमच्या ठेवी तपासणीसाठी सरकारी खात्यात भरा, निर्दोष निघालात की परत मिळतील.’ दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी त्या माणसाला विचारलं, ‘साहेब, बीपीची गोळी घेऊ का?’ तो म्हणाला, ‘घ्या, पण फोन हलवू नका.’ ज्या माणसासमोर गावातले सरपंच खुर्चीवरून उठून उभे राहायचे, त्याने आपल्याच घरात गोळी घ्यायला परवानगी मागितली. पैशांचं सांगताना गुरुजींचा आवाज स्थिर होता. गोळीचं सांगताना त्यांना रडू आलं.

आता यात बँकेचं काय चुकलं? कागदावर पाहिलं तर काहीच नाही. खातेदार स्वतः आला, अर्ज त्याने भरला, सही त्याचीच होती. मी त्या काउंटरवर असतो तर मीही तोच फॉर्म पुढे सरकवला असता का, हा प्रश्न मला कित्येक रात्री छळत राहिला. तो आता मी सगळ्यांसमोर ठेवतो आहे: घाबरलेल्या माणसाच्या खऱ्या सहीचा मान बँकेने किती ठेवायचा?

आपल्याकडे या प्रश्नाला एकच उत्तर ठरून गेलंय. सावध राहा. फोन लावला की आधी सावधगिरीची धून, एटीएमच्या काचेवर सावधगिरीचा कागद, बँकेच्या प्रत्येक एसएमएसखाली सावधगिरीची ओळ. खुद्द पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये डिजिटल अटक नावाची कुठलीही तरतूद कायद्यात नाही हे सांगून ‘थांबा, विचार करा, मग कृती करा’ असा सल्ला दिला. सल्ला योग्यच आहे. पण त्याच वर्षाचा हिशेब संसदेत मांडला गेला तेव्हा सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांनी गमावलेली रक्कम 22,845 कोटी रुपये निघाली. आदल्या वर्षी, 2023 मध्ये, ती 7,465 कोटी होती. एका वर्षात तिप्पट. सल्ल्यांचा पाऊस पडत असताना हे झालंय.

याचं कारण मला गुरुजींकडे पाहून कळलं. त्यांना सगळं माहीत होतं. डिजिटल अटकेची बातमी त्यांनी स्वतः कापून ज्येष्ठ नागरिक संघाच्या फलकावर लावली होती. सावधगिरी म्हणजे शांत डोक्याचं काम, आणि या चोरांचा पहिला घाला पडतो तो नेमका डोक्याच्या शांतपणावर. ते आधी भीती घालतात, मग माणसाला एकटं पाडतात, मग झोपू देत नाहीत. दोन रात्री जागलेल्या 72 वर्षांच्या माणसाला ‘विचार करा’ म्हणणं म्हणजे बुडत्याला पोहण्याचे धडे वाचून दाखवणं. भीतीने गोठलेल्या माणसाच्या बाजूने त्या घटकेला दुसऱ्या कोणीतरी विचार करायला हवा, आणि त्या घटकेला त्याच्या जवळ पोचू शकणारी एकच संस्था असते. त्याची बँक.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा मुदतठेव म्हणजे एक जाड कागदाची पावती असायची. लोक ती कपाटात, साड्यांच्या घडीखाली जपायचे. मुदतीआधी मोडायची तर पावती घेऊन शाखेत यावं लागे, मागच्या बाजूला रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही करावी लागे. मग ती अधिकाऱ्याच्या टेबलावर जाई. रक्कम मोठी असली आणि माणूस ओळखीचा असला की अधिकारी त्याला आत बोलावत, खुर्ची देत, ‘काय बापू, सगळं ठीक ना?’ म्हणत. कुठे मुलाने दडपण आणलेलं असे, कुठे कोणी भिशीवाल्याने गळ घातलेली असे, कुठे खरंच ऑपरेशन असे. चहा येईपर्यंत खरं कारण बाहेर पडायचंच. नियमाच्या पुस्तकात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण त्या 15 मिनिटांच्या दिरंगाईने किती संसार वाचवले ते मी पाहिलंय.

ती दिरंगाई आपण काढून टाकली. खात्यातून खात्यात पैसे पाठवणारं एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून, आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून चोवीस तास सुरू झालं. एफडी आता मोबाइलवर रात्री दोन वाजताही मोडता येते. व्यापाऱ्याला, पगारदाराला, कॉलेजातल्या मुलाला याचा फायदा झाला आणि तो मला नाकारायचा नाही. आमच्या भाजीवाल्या मावशींना सुट्ट्या पैशांवरून कोणाशी भांडावं लागत नाही, हे मी रोज पाहतो. पण भाजीच्या 40 रुपयांना जो वेग हवा तोच वेग जन्मभराच्या 40 लाखांना कशासाठी? निवृत्तीच्या ठेवीला घाई कधीच नसते. ती पाच वर्षं, दहा वर्षं पडून राहावी म्हणूनच ठेवलेली असते. अशा पैशाला पळायला लावणारी घाई दोघांचीच असू शकते, दवाखान्याची किंवा चोराची. त्या दोघांमधला फरक ओळखणं बँकेला अशक्य नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. नोकरीत असेपर्यंत आपल्या या पैशाला कुलपंच कुलपं असतात. फंडातून पैसे काढायचे तर कारण द्यावं लागतं, अर्ज करावा लागतो. पीपीएफ 15 वर्षांची. खाजगी नोकरीतल्या माणसाचा ईपीएफ यूएएनला, म्हणजे फंडाच्या ओळख क्रमांकाला, आधारला, चेहऱ्याच्या ओळखीला बांधलेला. म्हणजे पस्तिशीतला, हातीपायी धड, चार माणसांत वावरणारा माणूस आपला पैसा उधळेल या काळजीने सरकारने त्यावर पहारा बसवलाय. आणि ज्या दिवशी तो निवृत्त होतो, फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे असं सगळं एकदम बचत खात्यात येऊन पडतं, त्या दिवशी सगळी कुलपं एकदम गळून पडतात. वय वाढत जाणार, कान-डोळे मंदावणार, मुलं लांब राहणार. पहाऱ्याची खरी गरज लागणार तेव्हाच पहारा उठतो.

चोरांना हा दिवस नेमका माहीत असतो. आपणच सांगतो तो. सेवापूर्ती गौरव समारंभाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, फोटो फेसबुकवर चढतात, चौकात फ्लेक्स लागतो. त्यात गैर काही नाही, 35 वर्षं सेवा केलेल्या माणसाचा सत्कार व्हायलाच हवा. पण माहिती फुटते ती तेवढ्यावर थांबत नाही. नोव्हेंबर जवळ आला की हयातीच्या दाखल्याच्या नावाने फोन सुरू होतात. फोन करणाऱ्याकडे पेन्शनरचा पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा, क्रमांक असतो, निवृत्तीची तारीख असते, कधीकधी वारसाचं नावही असतं. एवढं सगळं ठाऊक असणारा माणूस कचेरीतलाच असणार, असं कोणालाही वाटेल. तो ओटीपी मागतो किंवा ‘जीवन प्रमाण’ नाव दिलेली, मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी एपीके फाइल पाठवतो, आणि ती उघडली की मोबाइल त्याच्या ताब्यात जातो. खरं तर हयातीचा दाखला देणं हे पेन्शनरचं काम आहे. तो अद्ययावत करून देतो म्हणून कुठलंच कार्यालय फोन करत नाही. सरकारी खात्यांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. पण पीपीओ क्रमांक चोरापर्यंत कसा पोचला याचं उत्तर ज्यांच्या कपाटातून तो गेला त्यांच्याकडून आलं पाहिजे. कुंपण शेत खातं तेव्हा शेतकऱ्याला जागं राहायला सांगून भागत नाही.

आता नियम काय म्हणतो ते पाहू, कारण इथे बहुतेकांची गल्लत होते. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक खातेदाराच्या बाजूचं आहे. तुमच्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले, त्यात तुमची चूक नव्हती, आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर एक रुपयाचाही भार येत नाही. चूक खातेदाराची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. 10 कामकाजाच्या दिवसांत तेवढी रक्कम खात्यात जमा दाखवायची असते. हे परिपत्रक प्रत्येक पेन्शनरने ऐकून तरी ठेवावं, कारण शाखेत ते आपण होऊन कोणी सांगत नाही.

पण त्यात एक शब्द आहे, ‘अनधिकृत’. गुरुजींचा व्यवहार अधिकृत होता. त्यांनी स्वतः केला, स्वतःच्या सहीने केला. ओटीपी सांगितला तरी तो तुमचा निष्काळजीपणा, म्हणजे कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. आज म्हाताऱ्या माणसांना लुबाडण्याचे सगळे मोठे प्रकार याच फटीतून आत येतात. डिजिटल अटक असो, शेअर बाजाराचं खोटं अ‍ॅप असो की मैत्रीच्या नावाने केलेली लूट, बटण प्रत्येक वेळी म्हातारा माणूस स्वतःच्याच बोटाने दाबतो. नियम लिहिला गेला तेव्हा चोर तिजोरी फोडणारा होता. आताचा चोर मालकाकडूनच तिजोरी उघडून घेतो, आणि आपला नियम अजून कुलूप फुटलंय का तेच तपासत बसलाय.

बँक बुडाली तर ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. ठेवीदार असा बुडवला गेला तर त्याला आधार देणारं असं काहीच नाही.

मुंबईतलं एक प्रकरण 2025 मध्ये वर्तमानपत्रांत आलं होतं. ऐंशी वर्षांच्या गृहस्थांकडून सोशल मीडियावरच्या ओळखीतून जवळपास 9 कोटी रुपये उकळले गेले. सुमारे 21 महिने ते चाललं होतं आणि व्यवहार होते 734. आकडा पुन्हा वाचा. एका म्हाताऱ्या माणसाच्या खात्यातून सातशे चौतीस वेळा पैसे बाहेर गेले. माझ्या बँकेतल्या अनुभवावरून सांगतो, पहिल्या वीस-पंचवीस व्यवहारांतच हे खातं नेहमीसारखं चाललेलं नाही हे दिसायला हवं होतं. कार्डावर कधी परदेशातून खरेदी झाली तर बँकेचा फोन दोन मिनिटांत येतो. जिथे नुकसान बँकेला सोसावं लागेल तिथे तिची यंत्रणा जागी असते. म्हणून माझं म्हणणं असं, की बँकेला जागं ठेवायचं तर नुकसानीत तिचा वाटा हवा.

ब्रिटनने हे केलंय. 7 ऑक्टोबर 2024 पासून तिथे फसवणुकीला बळी पडून स्वतःच्या हाताने पैसे पाठवलेल्या ग्राहकालाही 85,000 पौंडांपर्यंत भरपाई द्यावी लागते, आणि तो भार पैसे पाठवणारी बँक आणि पैसे घेणारी बँक निम्मा-निम्मा उचलतात. यातला दुसरा निम्मा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. चोरीचा पैसा शेवटी कोणत्या तरी बँकेतल्याच खात्यात उतरतो. ही भाड्याची खाती असतात. कोणा गरजू मुलाला चार-पाच हजार देऊन त्याच्या नावावर उघडलेली. महिनाभर ज्यात हजार रुपयेसुद्धा नव्हते त्या खात्यात अचानक 27 लाख येतात आणि तासाभरात पन्नास ठिकाणी फुटतात. ते खातं उघडणाऱ्या बँकेला आपल्याकडे आज कोणी जाब विचारत नाही. उद्या त्या 27 लाखांतले साडेतेरा लाख तिच्या नफ्यातून जाणार असतील, तर अशी खाती आठवड्यात दिसू लागतील.

आपलं सर्वोच्च न्यायालयही याच दिशेने बोलतंय. अंबाल्याच्या एका ज्येष्ठ दांपत्याला न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून एक कोटीहून अधिक रुपयांना लुबाडलं गेलं. न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये त्याची स्वतःहून दखल घेतली. 1 डिसेंबर 2025 ला देशभरातल्या डिजिटल अटकेच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला, आणि भाड्याची खाती उघडण्यात बँकांतल्या माणसांचा हात असेल तर तोही तपासायला सांगितलं. अशी खाती शोधून गोठवायला नवं तंत्रज्ञान का वापरत नाही, असं रिझर्व्ह बँकेलाही विचारलं. हे फार आधी व्हायला हवं होतं, पण झालं ते चांगलं झालं.

तरी माझं मन भरपाईपेक्षा कुलपाकडे जास्त ओढ घेतं, कारण गेलेला पैसा परत येईपर्यंत म्हातारा माणूस आतून संपलेला असतो. सिंगापूरच्या मोठ्या बँकांनी नोव्हेंबर 2023 पासून एक सोय दिली आहे. खातेदार आपल्या पैशांचा एक भाग कुलूपबंद करून ठेवू शकतो. तो भाग ऑनलाइन हलतच नाही, ना त्याच्या स्वतःच्या पासवर्डने, ना चोराच्या हाती पडलेल्या मोबाइलने. सोडवायचा तर साध्या ऑनलाइन व्यवहारापलीकडची ओळख पटवावी लागते. त्याच देशाने 2025 मध्ये कायदाही केला. एखादा माणूस फसवला जातोय आणि समजावूनही ऐकत नाही असं दिसलं, तर पोलीस त्याच्या बँकेला काही दिवस व्यवहार थांबवायचा आदेश देऊ शकतात.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला हलका वाटत नाही. आमच्या संघातल्याच एका निवृत्त प्राचार्य बाईंनी तो मांडला. त्या म्हणाल्या, ‘पैसा माझा. मी कुठे, कधी, कोणाला द्यायचा हे बँकेतला पोरगा ठरवणार? आयुष्यभर आधी वडिलांना विचारलं, मग नवऱ्याला. आता कुठे स्वतःच्या सहीला किंमत आली, तर तुम्ही परत परवानगी मागायला लावताय.’ त्यांचं बरोबर आहे. म्हातारपण म्हणजे अडाणीपण असं मानून केलेली कोणतीही सोय अपमानाचीच होते. पोलिसांना असा अधिकार देण्याबद्दल मलाही आपल्याकडे धाकधूक वाटते.

पण बाईंना मी जे म्हणालो तेच इथे लिहितो. हे कुलूप बँकेने घालायचं नाही, तुम्हीच घालायचं. आज तुम्ही शांत आहात, चहा घेताय, डोकं ठिकाणावर आहे. आज तुम्ही बँकेला लिहून द्या: माझ्या या ठेवी मोडायला मी आले तर 48 तास थांबा, माझ्या मुलीला किंवा मी नाव दिलेल्या माणसाला फोन करा, मग द्या. उद्या कोणी तुम्हाला धमकावून बँकेत पाठवलं, तर बँकेने ऐकायचं ते आजच्या बाईंचं. त्या दिवशीच्या घाबरलेल्या बाईंची सही काउंटरवर थांबेल आणि आज शांतपणे केलेली सही पाळली जाईल. मृत्युपत्र आपण याच विश्वासावर करतो, की धडधाकट असताना सांगितलेला शब्द पुढे कोणीतरी राखील. ठेवीला तोच मान का मिळू नये? बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘मुलाचं नाव नको. भाचीचं चालेल का?’ चालेल, नक्की चालेल. ती निवडसुद्धा तुमचीच असायला हवी, कारण म्हाताऱ्या माणसाला लुबाडणारा कधीकधी घरातच असतो.

दवाखान्याचं काय, असं विचारतात. रुग्णालयाच्या खात्यात थेट जाणाऱ्या पैशाला हे कुलूप लागू नको, आणि आधी कधी पैसे पाठवलेल्या माणसाला पाठवायला थांबायची गरज नको. थांबायचं फक्त नव्या खात्यासाठी, मोठ्या रकमेसाठी, मोडलेल्या ठेवीसाठी. निवृत्तीचा पैसा ओळखणार कसा, ही सबबही मला पटत नाही. बहुतेक बँका ज्येष्ठांना अर्धा टक्का जादा व्याज देतात, म्हणजे तुमचं वय त्यांच्या संगणकात नोंदलेलं आहे. पेन्शन दर महिन्याला कुठल्या खात्यात पडते ते त्यांना दिसतं. 30 लाखांपर्यंतची ज्येष्ठ नागरिक बचत योजना तर आहेच वयस्कांची. ठेव मिळवताना जी ओळख उपयोगी पडते ती ठेव राखतानाही पडेल.

हा विचार नवा नाही. दोन माणसांमधल्या 2,000 रुपयांवरच्या पहिल्या व्यवहाराला चार तासांचा थांबा घालावा, अशा बातम्या 2023 च्या शेवटी आल्या होत्या. डिजिटल व्यवहारांची गती मंदावेल म्हणून तेव्हा कुरकुर झाली. व्यापाराला झळ लागेल अशी भीती वाटत असेल तर व्यापार सोडून द्या, फक्त साठीच्या पुढच्यांच्या ठेवी घ्या. कोणाची गती मंदावणार आहे त्याने?

नियम बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही, हे उघड आहे. मी स्वतः काय केलं ते सांगतो. माझं यूपीआय ज्या खात्याला जोडलंय त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे असतात. ठेवी दुसऱ्या बँकेत आहेत आणि तिथे मी नेटबँकिंग घेतलेलंच नाही. मोडायच्या तर मला बस पकडून जावं लागतं, आणि ते मला हवंच आहे. बँकेच्या वेबसाइटचा पत्ता आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतो, तसा नसेल तर मी तिथे काही भरत नाही. व्यवहाराबद्दल बँकेचा फोन 1600 ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून यावा असा नियम झालाय, त्यामुळे दहा आकडी मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही. आरटीजीएस करताना खातं कोणाच्या नावावर आहे ते आधी दिसण्याची सोय एप्रिल 2025 पासून आहे. ‘सरकारी तपासणीचं खातं’ म्हणून सांगितलेलं खातं कुठल्या ट्रेडिंग कंपनीचं निघालं तर तिथेच हात थांबायला हवा. फंड काढून देतो म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नये, यूएएनचा ओटीपी भविष्य निधी कार्यालय फोनवर कधीच मागत नाही. आणि घात झालाच तर आधी 1930, सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा सरकारी क्रमांक. पोलीस ठाण्यात जायच्या आधी, शाखेत जायच्या आधी, मुलांना सांगायच्याही आधी. पहिल्या तास-दोन तासांत पैसा त्या भाड्याच्या खात्यातच असण्याची शक्यता असते, तेवढ्यात कळवलं तर तो अडवता येतो.

गुरुजींनी 1930 ला फोन केला तो अकराव्या दिवशी, माझ्या फोनवरून, माझ्या समोर बसून. त्यातले काही हजार एका खात्यात गोठवलेले सापडले, बाकीचे गेले. पहिल्याच तासात का नाही केला, असं मी त्यांना विचारलं नाही. मला माहीत होतं. ‘एवढे शिकलेले, आणि तुम्ही फसलात?’ हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी कोणाला तरी म्हटलंय. बातमीखाली म्हटलंय, सोसायटीच्या कट्ट्यावर म्हटलंय, घरात सासऱ्यांना, आईला म्हटलंय. सावध राहण्याची सगळी जबाबदारी आपण एकट्या माणसावर टाकली की फसणं ही त्याची लाज ठरते, आणि लाजेपोटी तो गप्प बसतो तोवर पैसा पन्नास खात्यांत फुटून जातो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे पुढचा माणूस ठेच लागल्याचं सांगतच नाही.

गेल्या महिन्यात संघाच्या सभेत गुरुजी स्वतःहून उठले. त्यांनी रक्कम सांगितली, तीन दिवस सांगितले, गोळीचंही सांगितलं. सभागृहात 60-70 माणसं होती, कोणी खोकलंसुद्धा नाही. ते बसल्यावर मागच्या रांगेतून एक काकू उठल्या आणि म्हणाल्या, ‘माझे चार लाख गेलेत, दोन वर्षांपूर्वी. घरात अजून माहीत नाही.’ मग आणखी एक गृहस्थ उठले.

दुसऱ्या दिवशी आम्ही नऊ जण आपापल्या शाखांत गेलो. ठेवी ऑनलाइन मोडण्याची सोय बंद करावी, शाखेत मोडायला आलो तरी 48 तास थांबावं आणि सोबत दिलेल्या क्रमांकावर फोन करावा, असा अर्ज द्यायचा होता. असा छापील फॉर्म कुठल्याही शाखेत नव्हता. आम्ही साध्या फुलस्केप कागदावर हाताने लिहिलं. गुरुजींच्या शाखेत काउंटरवर तीच मुलगी होती. तिने अर्ज पूर्ण वाचला, आत जाऊन साहेबांना दाखवून आली, म्हणाली, ‘काका, अशी सोय सिस्टिममध्ये नाहीये, पण मी घेऊन ठेवते.’ प्रतीवर पोचेचा शिक्का मारून तिने तारीख घातली. तो कागद गुरुजींनी घडी घालून पासबुकात ठेवलाय. नऊ अर्जांपैकी एकालाही अजून उत्तर आलेलं नाही.